फी माफ झाली, पण राहण्याचे काय?

“शिक्षण फुकट मिळते आहे आणि नुसते राहण्यासाठी कर्ज काढायचे?” हा प्रश्न माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये विचारला होता. लेकीला नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळाल्याचे ज्या रात्री कळले, त्याच रात्रीची ही गोष्ट. प्रश्न चुकीचा नव्हता. आमच्यासारख्या घरात तो पडायलाच हवा होता. मात्र त्याचे उत्तर सापडेपर्यंत एक अख्खे सत्र हातचे गेले आणि त्या सत्राची किंमत लेकीने मोजली. यंदा ज्यांच्या घरात सीईटीचा निकाल आला आहे आणि कागद-पेन घेऊन हिशेब सुरू आहे, त्यांच्यासाठी आमचा हिशेब जसा झाला तसा लिहिते आहे.

आम्ही निफाड तालुक्यातले, निफाड-लासलगाव रस्त्यावरच्या एका गावाबाहेर मळ्यात राहणारे. अडीच एकर जमीन, त्यात एक एकर द्राक्षबाग आणि उरलेल्यात कांदा व मका. मी लासलगावच्या एका पतसंस्थेत लेखनिक आहे. आमच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर ३ लाख ६० हजार रुपये हा आकडा आहे. द्राक्षाचे पैसे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये हातात येतात आणि खरड छाटणी, औषधे, मजुरी यांत बरेचसे जिरतात. उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवायचा आणि भाव पाहून थोडा थोडा काढायचा, हा आमचा वर्षाचा रिवाज. महाविद्यालयांची प्रवेशप्रक्रिया मात्र नेमकी पावसाळ्यात येते, जेव्हा घरात रोख कमी आणि चाळीत माल जास्त असतो. शेतकऱ्याच्या घरात फीची अडचण कित्येकदा रकमेपेक्षा तिच्या तारखेची असते, हे पतसंस्थेच्या काउंटरवर बसून मी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

आधी शिक्षण शुल्काविषयी, कारण त्याबाबत बराच गैरसमज आहे. राज्य शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्वीच्या ५० टक्क्यांऐवजी १०० टक्के सवलत मिळू लागली. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे शासनाच्या एकत्रित प्रवेश फेऱ्यांतून, झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत नाही आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही ती लागू नाही. नाशिकच्या आसपास दोन्ही प्रकारच्या संस्था आहेत आणि नावे ऐकून पालकांना फरक कळत नाही, त्यामुळे पर्याय भरतानाच ही संस्था विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय आहे की स्वतःच विद्यापीठ आहे, हे पाहून घ्यावे.

आम्ही सारे कागद तयार ठेवले होते, तरी प्रवेशाच्या दिवशी कार्यालयात सांगण्यात आले की आत्ता पूर्ण शुल्क भरा, शिष्यवृत्ती जमा झाली की परत मिळेल. त्या दिवशी आम्ही तसेच परतलो. पंच्याण्णव हजार रुपये आणायचे कोठून, याच विचारात दोघांचाही परतीचा प्रवास गेला. रात्री मी शासन निर्णयाची प्रत काढली, त्यातल्या संबंधित ओळींवर खूण केली आणि दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज देऊन त्याच्या स्थळप्रतीवर आवक शिक्का घेतला. तिसऱ्या दिवशी हमीपत्र लिहून घेऊन प्रवेश निश्चित झाला. कोणाशी आवाज चढवून बोलावे लागले नाही. पण ज्यांना अशी प्रत काढता येत नाही, अर्ज लिहिता येत नाही, ते त्या दिवशी सावकाराकडे जात असतील, ही गोष्ट अजूनही मनातून जात नाही. कृपया तोंडी बोलण्यावर थांबू नका. लेखी द्या आणि शिक्का घ्या.

शुल्क माफ झाले तरी पावती शून्याची होत नाही. विकास शुल्क, विद्यापीठाची नोंदणी, विमा, ग्रंथालयाची अनामत, गणवेश आणि प्रयोगशाळेचा कोट मिळून आम्हाला साधारण १९,००० रुपये लागले. त्यासाठी चाळीतला कांदा काढावा लागला आणि पुढे तीनच आठवड्यांत भाव चढला. यजमान त्यावर एक शब्दही बोलले नाहीत, पण चाळीकडे पाहत उभे राहिलेले मी त्यांना पाहिले आहे.

मग आला राहण्याचा प्रश्न. महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहाचे वर्षाचे ४५,००० रुपये आणि मेसचे महिन्याला ३,२०० प्रमाणे दहा महिन्यांचे ३२,००० रुपये, म्हणजे एकूण ७७,००० रुपये. दुसरीकडे अप-डाऊन. मुलींना पदवीपर्यंत घर ते महाविद्यालय असा रेल्वेचा द्वितीय श्रेणीचा मासिक पास विनाशुल्क मिळतो, आणि एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. सकाळी पंचवटी एक्सप्रेसने लासलगाव ते नाशिकरोड, तेथून सिटीलिंकच्या बसने गंगापूर रोड, संध्याकाळी सीबीएस या शहरातल्या मध्यवर्ती बसस्थानकावर येऊन एसटीने गावच्या फाट्यापर्यंत, असा सारा खर्च महिन्याला १,८०० रुपयांच्या आसपास बसत होता. दहा महिन्यांचे १८,०००. फरक ५९,००० रुपयांचा. नानांनी हा आकडा ऐकला आणि वरचा प्रश्न विचारला. नाशिक काही परमुलूख नाही, तालुक्यातली कितीतरी मुले रोज जातात, हेही त्यांचे म्हणणे खरेच होते. मीही त्या आकड्यापुढे गप्प बसले. लेक म्हणाली, “आई, मला जमेल.” अठरा वर्षांची मुलगी घरच्या परिस्थितीकडे पाहून जे उत्तर देईल तेच तिने दिले, आणि आम्ही ते उत्तर सोयीचे म्हणून स्वीकारले.

पहिल्या सत्राचा तिचा दिवस असा होता. पहाटे साडेचारला उठणे, पावणेसहाला यजमानांच्या मोटारसायकलवर लासलगाव स्टेशन, सातनंतर नाशिकरोड, तिथून शहर ओलांडून महाविद्यालयात पोहोचेपर्यंत सव्वाआठ. नाशिकरोड शहराच्या एका टोकाला आणि गंगापूर रोड दुसऱ्या टोकाला, हे नकाशात पाहताना जाणवत नाही. पंचवटीची सोय सकाळपुरतीच; मुंबईहून परतणारी तीच गाडी नाशिकरोडला रात्री नऊनंतर येते, म्हणून संध्याकाळी एसटीच धरावी लागे. पाचला तास संपले की सीबीएस, मग द्वारका चौकातली कोंडी, आणि फाट्यावर उतरेपर्यंत पावणेआठ. जायचे अडीच आणि यायचे पावणेतीन तास. जेवून वही उघडली की साडेनऊला मान खाली जायची.

ज्या दिवशी प्रात्यक्षिक लांबे, त्या दिवशी ती ते अर्धवट सोडून बस गाठत असे. वर्कशॉपचा जॉब शनिवारी जाऊन पूर्ण करावा लागला. गटाने करायच्या कामात इतर मुली संध्याकाळी ग्रंथालयात बसत, हिला मोबाइलवर उरलेला भाग कळत असे. नोव्हेंबरमध्ये तिने माझ्याजवळ पहिल्यांदा सांगितले की गणिताच्या तासाला पहिल्या बाकावर बसूनही तिला झोप लागते. मुलगी आळशी असती तर मला इतके वाईट वाटले नसते.

तेव्हा मी पतसंस्थेतल्या सवयीने पुन्हा कागद घेतला आणि पहिल्या हिशेबात जी गोष्ट धरलीच नव्हती ती धरली. रोजचे सरासरी पाच तास, आठवड्याचे पंचवीस, आणि वर्षात महाविद्यालय प्रत्यक्ष चालते असे सुमारे छत्तीस आठवडे धरले, तर ९०० तास होतात. ५९,००० रुपये वाचवण्यासाठी आम्ही लेकीचे ९०० तास देत होतो. म्हणजे तासाला साधारण ६५ रुपये. बागेत विरळणीला बाई लावताना दिवसाची मजुरी किती पडेल याचा विचार आम्ही दहा वेळा करतो, पण लेकीच्या तासाचा भाव आम्ही कधी काढला नव्हता. प्रवासात वाचता येते असे काही जण सांगतात. पंचवटीच्या डब्यात बसायला जागा मिळाली तर थोडे वाचून होतेही, पण संध्याकाळच्या एसटीत उभे राहून अभियांत्रिकीचे गणित सुटत नाही.

नानांचे मत माझ्या हिशेबाने बदलले नाही. ते बदलले फाट्यावर. आमच्या बाजूला ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. दर हिवाळ्यात कोणाचा तरी कुत्रा किंवा वासरू जाते. त्यामुळे संध्याकाळी लेकीला घ्यायला नाना स्वतः बॅटरी आणि काठी घेऊन फाट्यावर जाऊन उभे राहत. डिसेंबरात एके दिवशी एसटी ओझरच्या पुढे नादुरुस्त झाली, लेकीचा मोबाइल बंद पडला, आणि दुसरी बस मिळून ती फाट्यावर उतरली तेव्हा रात्रीचे सव्वानऊ झाले होते. शहात्तर वर्षांचा माणूस दीड तास थंडीत उभा होता. घरी आल्यावर ते जेवले नाहीत. सकाळी मला म्हणाले, “सूनबाई, वसतिगृहात अजून जागा आहे का, ते विचारून घ्या.”

त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते मी लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत कधी ऐकले नव्हते. नाना स्वतः मॅट्रिकच्या वेळी दोन वर्षे नाशिकला गंगापूर रोडवरच्या उदोजी मराठा बोर्डिंगमध्ये होते. १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना झाली, आणि खेड्यांतल्या मुलांची नाशिकमध्ये राहण्याची सोय व्हावी म्हणून उभारलेल्या या वसतिगृहाची पायाभरणी १९२० मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या हस्ते झाली. ज्यांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहे उभी केली त्यांना हे पक्के ठाऊक होते की शाळेचे दार उघडे ठेवले तरी खेड्यातले मूल रात्री कोठे निजणार, याची सोय केल्याशिवाय ते त्या दारातून आत येत नाही. नानांची आई आठवड्यातून दोनदा निफाडहून एसटीच्या कंडक्टरजवळ भाकरीचा डबा देत असे आणि नाना स्टँडवर जाऊन तो घेत असत. “मी तिथे राहिलो म्हणून मॅट्रिक झालो, नाहीतर झालो नसतो,” असे ते म्हणाले. मग ऑगस्टमध्ये त्यांनी विरोध का केला, असे मी विचारले नाही. त्या काळी बोर्डिंगचा खर्च त्यांच्या घराला परवडेल असा होता. ७७,००० हा आकडा त्यांच्या आठवणीत बसणारा नव्हता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एक जागा रिकामी झाली आणि अर्ध्या वर्षाचे २२,५०० रुपये व ५,००० रुपये अनामत भरून लेक वसतिगृहात राहायला गेली. पहिल्या सत्राचा निकाल आला तेव्हा गणिताचा पेपर राहिला होता. तो तिने पुढच्या परीक्षेत सोडवला. तो पेपर केवळ प्रवासामुळे राहिला, असे मी म्हणणार नाही. पहिल्या वर्षी गणित पुष्कळांचे राहते. पण दुसऱ्या सत्रात तिने एकही प्रात्यक्षिक अर्ध्यावर सोडले नाही, हे मी खात्रीने सांगू शकते.

वसतिगृहात सारे काही चांगलेच आहे, असेही नाही. पहिला महिना ती रोज रात्री रडवेल्या आवाजात बोलत असे. मेसची भाजी तिच्या घशाखाली उतरत नसे, आणि एकदा ताप आला तेव्हा औषध आणून देणारी तिची रूम पार्टनर होती, मी नव्हते. त्याची रुखरुख मला आजही आहे. दर दुसऱ्या शनिवारी ती येते आणि रविवारी संध्याकाळी जाताना शेंगदाण्याची चटणी, दशम्या आणि लाडू नेते.

जागा घेण्यापूर्वी मी ज्या चौकशा केल्या त्या सांगते. वर्षाचे पैसे एकदम घेतात की सत्राप्रमाणे, मध्येच सोडल्यास काय परत मिळते, सुटीच्या दिवसांत मेसचे पैसे कापून मिळतात का, परीक्षा महाविद्यालयाच्या सत्रानंतर लांबली तर राहू देतात का, रेक्टर बाई आवारातच राहतात का, आणि गरम पाणी व वीज गेल्यावरची सोय कशी आहे. शेवटच्या दोन गोष्टी कार्यालयात न विचारता तिथे राहणाऱ्या मुलींना विचाराव्यात. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या परिसरात कॉट बेसिसवर खोल्या मिळतात आणि त्या कधी कधी वसतिगृहापेक्षा स्वस्तही पडतात, पण वीजबिल, पाणी, साफसफाई वेगळी धरली की फरक फारसा उरत नाही. पहिल्या वर्षी, जेव्हा शहर आणि माणसे दोन्ही नवी असतात, तेव्हा आवारातली जागाच बरी, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. तिसऱ्या वर्षी तीन-चार ओळखीच्या मुली मिळून खोली घेणार असतील तर तेव्हाचा विचार तेव्हा.

आता कर्जाविषयी. शैक्षणिक कर्ज केवळ शिकवणी शुल्कासाठी असते, ही समजूत घरोघरी आहे; आम्ही गेलो त्या बँकेतही प्रथम तसेच सांगितले गेले. प्रत्यक्षात बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत वसतिगृह व भोजनाचा खर्च, पुस्तके आणि संगणक हे सारे येते. ४ लाख रुपयांपर्यंत तारण लागत नाही, पालक सहकर्जदार असतात. शिवाय कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि संस्था किंवा अभ्यासक्रम मूल्यांकनप्राप्त असेल, तर केंद्र शासनाच्या व्याज अनुदान योजनेत अभ्यासक्रमाचा काळ आणि पुढचे एक वर्ष यांतले व्याज शासन भरते. हप्ता त्यानंतर सुरू होतो. आम्ही उरलेल्या तीन वर्षांचे वसतिगृह व मेस मिळून २,३१,००० आणि लॅपटॉपसाठी ४५,००० असे २,७६,००० रुपयांचे कर्ज मंजूर करून घेतले. पैसे वर्षावर्षाने, जेवढे लागतील तेवढेच उचलले जातात, आणि वसतिगृहाची रक्कम बँक परस्पर संस्थेला देते.

ट्रॅक्टरसाठी आठ लाखांचे कर्ज घेताना आमच्याकडे पेढे वाटतात, हे मी पतसंस्थेत अनेकदा पाहिले आहे. मुलीच्या राहण्यासाठी तीन लाखांचेही कर्ज मागायला आलेला माणूस मात्र खालच्या आवाजात बोलतो. तो आवाज बदलावा, असे मला मनापासून वाटते.

कर्जाआधी योजना पाहाव्यात, हे ओघाने आलेच. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना, शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळाल्यास, भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून नाशिक शहरासाठी वर्षाला ५१,००० रुपये मिळतात. माझ्या एका सहकारी बाईंच्या मुलीचे शिक्षण त्यावर चालले आहे. इतर मागास वर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आणि अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. आम्ही यंदा महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर तिचा अर्ज भरला आहे. या रकमा वेळेवर येतातच असे नाही, म्हणून त्या भरवशावर जूनची तारीख पाळता येत नाही. त्या आल्या की कर्जाची उचल कमी करायची, असे आम्ही ठरवले आहे. विद्यापीठाची कमवा व शिका योजनाही आहे, पण पहिल्या वर्षी लेकीने ती घेऊ नये असे आम्हीच सांगितले.

सर्वांनीच वसतिगृह घ्यावे, असे माझे म्हणणे नाही. लेकीच्या वर्गातली एक मुलगी ओझरहून येते, एक सिन्नरहून. दोघींचेही उत्तम चालले आहे. त्यांना एकच बस लागते आणि तासाभरात त्या घरी असतात. आमच्याकडे मोटारसायकल, रेल्वे, शहर बस, एसटी अशी चार वाहने बदलावी लागत होती, आणि एक चुकले की पुढची सारी चुकत होती. घरापासून महाविद्यालयापर्यंत किती किलोमीटर आहे, यापेक्षा किती ठिकाणी उतरून पुन्हा चढावे लागते, हे आधी मोजावे. आणि ते पालकांनी स्वतः, सुटीच्या नव्हे तर कामाच्या दिवशी, सकाळी जाऊन आणि संध्याकाळी येऊन पाहावे. ऑगस्टमध्ये आम्ही तो एक दिवस काढला असता, तर डिसेंबरची ती रात्र आली नसती.

दुसऱ्या वर्षाच्या वसतिगृहाचे पैसे भरण्याची मुदत याच महिन्यात आहे. कर्जाची पहिली उचल परवा संस्थेच्या खात्यात जमा झाल्याचा संदेश आला. चाळीतला कांदा या वेळी हललेला नाही. यजमान म्हणतात, भाव पाहून गणपतीनंतर काढू. नाना आता संध्याकाळी सातला जेवून घेतात, पण बॅटरी अजून दारामागच्या खुंटीलाच टांगलेली असते, कारण दर दुसऱ्या शनिवारी ती लागतेच.